नूडल्सच्या पाकिटात आपण नेमकं काय विकत घेतो?

पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेच्या भाड्यावर, राहिलेल्या कुणालाही एक वेळापत्रक पाठ असतं: रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट म्हणजे खास जेवण, आणि संध्याकाळी मेस बंद. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, तिकडे कर्वेनगर, कोथरूड, सगळीकडे हाच रिवाज. त्या रात्री खोलीवर जे शिजतं ते बहुतेक वेळा नूडल्स असतात. परीक्षा जवळ आली, अभ्यासिकेतून निघायला अकरा वाजले, महिनाअखेर आली, दिवाळीत मेसवाले काका-काकू गावी गेले, की पुन्हा नूडल्सच. कारण विचारलं तर उत्तर एकच मिळतं, ‘स्वस्त पडतं.’

हे उत्तर अर्धंच खरं आहे असं मला वाटतं. उरलेलं अर्धं समजून घेतलं तर खिशाचाही फायदा आहे आणि तब्येतीचाही, म्हणून हा लेख जरा हिशेबाच्या अंगाने लिहिला आहे.

दुकानात मिळणारं नेहमीचं पाकीट साधारण ७० ग्रॅमचं असतं आणि किंमत १४-१५ रुपये. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात दर ग्रॅमची किंमत छापलेली असते, ती जरूर वाचा. साधारण २० पैसे ग्रॅम, म्हणजे २०० रुपये किलो. आता किराणा दुकानातले भाव आठवा. ते रोज बदलतात, त्यामुळे आकडे अंदाजाचे आहेत: मैदा ४० रुपये किलो, पोहे ६०-७०, बरा तांदूळ ५०-६०, तूरडाळ सव्वाशेच्या आसपास. वजनावर बघितलं तर नूडल्स डाळीपेक्षाही महाग आहेत. एका पाकिटात साधारण ५० ग्रॅम मैदा आणि १० ग्रॅम तेल असतं. किरकोळ भावाने धरलं तरी मैदा दोन रुपयांचा आणि पामतेल दीड रुपयाचं. मसाला, कारखान्याचा खर्च, वेष्टन, वाहतूक, जाहिरात, कर, दुकानदाराचं आणि कंपनीचं कमिशन-नफा हे सगळं उरलेल्या दहा-अकरा रुपयांत.

म्हणजे कच्चा माल साडेतीन-चार रुपयांचा. मग बाकीचे पैसे आपण कशासाठी मोजतो? आणि तरीही ते स्वस्तच का वाटतं? याचं उत्तर पाकिटातली नूडल्सची वडी कशी बनते त्यात आहे.

मैद्यात पाणी, मीठ आणि थोडे क्षार घालून घट्ट गोळा मळतात. हे क्षार म्हणजे प्रामुख्याने पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेट. पाकिटावर ‘आम्लता नियंत्रक ५०१(i), ५००(i)’ असं लिहिलेलं असतं ते हेच. त्यांच्यामुळे पिठातलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, घट्ट बांधलं जातं, शेवेला लवचिकपणा येतो आणि किंचित पिवळा रंग येतो. गोळा रुळांच्या जोड्यांमधून एकामागून एक नेत साधारण मिलिमीटरभर जाडीची चादर लाटतात आणि दातेरी रुळाने तिच्या बारीक पट्ट्या कापतात. कापलेली शेव यंत्राच्या ज्या सरकत्या पट्ट्यावर पडते तो मुद्दाम सावकाश चालवतात. मागून येणारी शेव पुढच्या शेवेवर आदळते आणि तिला ती ओळखीची नागमोडी लाट येते. ही लाट शोभेसाठी नसते. सरळ शेवा एकमेकींना चिकटून बसल्या असत्या. लाटांमुळे मध्ये जागा राहते आणि वाफ, तेल, शेवटी आपल्या भांड्यातलं पाणी सगळीकडे पोचतं.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. ही ओली शेव १०० अंश सेल्सिअसच्या वाफेत एक ते पाच मिनिटं शिजते. कच्च्या पिठातला स्टार्च म्हणजे घट्ट बंद दाण्यांचा साठा. पाणी आणि उष्णता मिळाली की ते दाणे पाणी शोषून फुगतात, त्यांची आतली बांधणी सुटते आणि ते पचण्याजोगे होतात. ‘शिजणं’ म्हणजे धान्याच्या बाबतीत मुख्यतः हेच. म्हणजे नूडल्स आपल्या खोलीवर येण्याआधीच शिजलेल्या असतात.

पण शिजलेली शेव तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबेल आणि कडकही होईल. म्हणून लगेच तिची वडी साच्यात घालून १४० ते १६० अंशांच्या तेलात एक-दोन मिनिटं बुडवतात. आतलं पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर पडतं. आधी शेवेत ३० टक्क्यांहून जास्त ओलावा असतो, तो २ ते ५ टक्क्यांवर येतो. वाफ ज्या वाटेने बाहेर पडली तिथे सूक्ष्म छिद्रं राहतात, आणि त्यांतली बरीचशी तेलाने भरतात. आपण उकळतं पाणी ओततो तेव्हा त्याच छिद्रांतून पाणी आत शिरतं आणि शेव दोन-तीन मिनिटांत मऊ होते. आपल्या भांड्यात होतं ते शिजवणं कमी आणि भिजवणं जास्त.

पुणेकराला यात परकं काही वाटायला नको, पोहे अगदी असेच असतात. साळ, म्हणजे टरफलासकट तांदूळ, भिजवून, भाजून, मग चेपून पोहे केलेले असतात. शिजण्याचं काम आधीच झालेलं असतं, म्हणून आपण नुसते भिजवून फोडणीला टाकतो. फरक इतकाच की पोहे तेलात तळून वाळवलेले नसतात.

आणि इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. नूडल्स महिनोन्महिने टिकतात म्हणून त्यांत भरमसाट ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ असणार, किंवा शेवेवर मेणाचा थर असतो, असं खूप जण खात्रीने सांगतात. मेण नसतं. पाण्यावर जो फेस आणि तवंग दिसतो तो स्टार्चचा आणि तेलाचा. टिकण्याचं कारण कोरडेपणा आहे. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं, ते इथे नसतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार तळलेल्या नूडल्सच्या वडीत ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पापड, कुरडया, सांडगे वर्षभर डब्यात राहतात ते याच तत्त्वाने. नूडल्सचा खरा शत्रू पाणी नसून हवा आहे, कारण तेल हवेने खवट होतं. म्हणून तर कंपन्या पामतेल वापरतात. त्यात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाचा असल्याने ते लवकर खवट होत नाही, शिवाय ते स्वस्तही असतं. टिकाऊपणासाठी निवडलेलं हेच तेल हृदयाच्या दृष्टीने मात्र गैरसोयीचं, आणि ७० ग्रॅमच्या वडीत त्याचं प्रमाण १० ग्रॅमच्या आसपास जातं.

ही पद्धत ज्याच्या नावावर आहे तो जपानमधला उद्योजक मोमोफुकू आंदो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाची मोठी टंचाई होती, आणि ओसाका शहरात गरम रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, वाडग्यासाठी थंडीत लांब रांगा लागत. ते दृश्य आंदोच्या मनात राहिलं. घरामागच्या शेडमध्ये खटपट करून त्याने तळून वाळवण्याची युक्ती शोधली आणि १९५८ च्या ऑगस्टमध्ये ‘चिकन रामेन’ बाजारात आणलं. या गोष्टीतला मला सगळ्यात बोलका वाटणारा तपशील किंमतीचा आहे. पहिलं पाकीट ३५ येनला होतं, आणि ताज्या उदोन (जाडसर जपानी) शेवया तेव्हा त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यात मिळत. म्हणजे जन्मतः झटपट नूडल्स हा महागडा पदार्थ होता, आणि लोकांनी तरीही तो घेतला. ताज्या शेवया स्वस्त होत्या हे खरं, पण त्यांच्याबरोबर रस्सा करायचा, तो उकळत बसायचं, भांडी घासायची हे सगळं आलंच. लोकांनी जास्तीचे पैसे दिले ते हे सगळं टाळण्यासाठी.

भारतात हा पदार्थ १९८३ मध्ये मॅगीच्या रूपाने घरोघर पोचला. मॅगी हे नाव मुळात एकोणिसाव्या शतकातल्या स्विस उद्योजकाचं, ज्युलियस मॅगीचं. कामावर जाणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ मिळत नाही म्हणून त्याने कडधान्यांच्या पिठाची झटपट सूप केली होती. आज जगात वर्षाला १२० अब्जांच्या आसपास नूडल्सची पाकिटं-कप खपतात. २०२३ मध्ये चीन आणि इंडोनेशियानंतर तिसरा क्रमांक भारताचा होता, साडेआठ अब्जांहून अधिक.

आता पुन्हा आपल्या खोलीकडे येऊ. कॉट बेसिस म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगते: एका खोलीत तीन-चार खाटा, एका खाटेचं भाडं तुमचं. भिंतीतलं एखादं कपाट, खाटेखाली बॅग. गॅस चालणार नाही, हे मालक पहिल्या दिवशी सांगतात. फ्रिज नाही. ओटा नाही. भांडी घासायला बाथरूममधला नळ. अशा ठिकाणी १२५ रुपयांची किलोभर डाळ स्वस्त असून उपयोग काय? ती शिजवायला कुकर हवा, शेगडी हवी, फोडणीचं तेल, मोहरी, हळद, तिखट, मीठ ठेवायला डबे हवेत, उरलेलं वरण ठेवायला फ्रिज हवा, आणि तास-दीड तास हवा. अर्थशास्त्रात खर्चाचे दोन भाग करतात. एक भाग सुरुवातीलाच करावा लागतो, मग तुम्ही एकदा जेवा किंवा शंभरदा. दुसरा दर जेवणामागे वाढत जातो. घरच्या स्वयंपाकात पहिला भाग मोठा आणि दुसरा लहान. नूडल्समध्ये पहिला जवळपास शून्य, एक केटल असली की झालं. दुसरा मात्र जास्त. ज्याला पुढच्या सहा महिन्यांत स्पर्धा परीक्षेतल्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागून गावी जावं लागेल की मुख्य परीक्षेसाठी थांबावं लागेल हेच माहीत नाही, तो कुकर कशाला घेईल? त्याचा निर्णय अडाणीपणाचा मुळीच नाही. त्याच्या परिस्थितीत तो बरोबरच हिशेब करतो.

म्हणून मी म्हणते की त्या पाकिटातले दहा रुपये चुलीचे आहेत. ज्याच्याकडे चूल नाही तो कारखान्याच्या चुलीचं भाडं भरतो.

पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलाला चूल नसणं हे काही आजचं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी मुलं माधुकरी मागत, म्हणजे दुपारी ठरलेल्या घरांतून शिजलेलं अन्न झोळीत घेऊन येत. काही जण वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. १९०९ मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही सुरुवातीच्या काळात माधुकरीवर शिकली. त्यात अपमान गिळावा लागे, एखाद्या वारी उपासही घडे, पण ताटात जे पडे ते कुणाच्या तरी घरातलं रोजचं जेवण असे: भाकरी, आमटी, भाजी. पुढे खानावळी आल्या, मग महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्या मेस. मेस हीसुद्धा भाड्याचीच चूल, आणि माझ्या मते विद्यार्थ्यासाठी अजूनही सगळ्यात चांगली. पण तिचे नियम असतात. सलग ठराविक दिवस आधी सांगून गेलात तरच खाडे धरले जातात, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होतात; एखाद-दुसऱ्या दिवसाचे पैसे बुडतात. वेळ चुकली की जेवण चुकलं. २०२० च्या टाळेबंदीत मेस एकाएकी बंद झाल्या आणि पेठांमधल्या खोल्यांत अडकलेल्या मुलांचे जेवणाचे किती हाल झाले, हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको.

तर नूडल्स का खाल्ल्या जातात हे कळलं. आता त्या पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू.

एका पाकिटात साधारण ३०० कॅलरी, ५ ते ७ ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅमच्या आसपास मेद असतो. तंतू नावापुरते. विशीतल्या मुलाला किंवा मुलीला एका जेवणातून सहा-सातशे कॅलरी लागतात, म्हणजे एक पाकीट हे अर्धं जेवण झालं. म्हणूनच एकाने भागत नाही आणि दुसरं फोडलं जातं. दोन पाकिटांचे झाले २८-३० रुपये. कॅलरीचा प्रश्न सुटला. प्रथिनं १२ ग्रॅमच्या आसपास आली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एखाद्या वेळी १२ ग्रॅमवर भागवलं तर काही बिघडत नाही. रोज रात्री तेच आणि सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी वडापाव, असं असेल तर दिवसअखेर पंचवीस-तीस ग्रॅमची तूट राहते. ती लगेच दिसत नाही. थकवा येतो, जखम उशिरा भरते, लगेच भूक लागते. नूडल्स खाऊन दोन तासांत पुन्हा भूक लागण्यामागेही हेच आहे: पोटात रेंगाळणारी प्रथिनं आणि तंतू त्यांत कमी असतात.

मुलींच्या बाबतीत मला जास्त काळजी लोहाची वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. ज्या वयात अंगाला लोह जास्त लागतं त्याच वयात भाजी-डाळ-अंडी ताटातून गेली, तर ते कुठून भरून निघणार? काही कंपन्या हल्ली मसाल्यात लोह घालतात, ते चांगलंच आहे, पण त्याने पालेभाजीची जागा भरत नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा मात्र मिठाचा आहे, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने दिवसाला २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे सगळं मिळून एक चमचाभर, ५ ग्रॅम मीठ. अनेक पाकिटांत ८०० ते १००० मिलीग्रॅम सोडियम असतं. दोन पाकिटं एका बैठकीत खाल्ली की दिवसभराचा वाटा जवळजवळ तिथेच संपतो. सकाळच्या मिसळीचं, दुपारच्या लोणच्याचं मीठ वेगळंच. वीस वर्षांच्या माणसाला याने आज काही जाणवत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षांच्या सवयीने वाढतो आणि तो वाढताना दुखत नाही.

यातलं बरंचसं सोडियम मसाल्याच्या पुडीत असतं, थोडं वडीतही. म्हणून अर्धीच पुडी वापरली तर सोडियम अगदी निम्मं होत नाही, पण चांगलंच कमी होतं. वडी आधी साध्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं, मग दुसऱ्या पाण्यात अर्धा मसाला घातला, तर वडीतलं थोडं मीठ आणि सुटलेलं थोडं तेलही जातं. चव सपाट वाटली तर लिंबू पिळा. आंबटपणामुळे कमी मीठही जिभेला पुरतं. ‘आटा’ किंवा ‘ओट्स’ लिहिलेल्या पाकिटांत तंतू थोडे जास्त असतात, तेल आणि मीठ बहुधा तेवढंच. मागचा तक्ता वाचल्याशिवाय जास्तीचे पैसे देऊ नका. गरम हवेत वाळवलेल्या, न तळलेल्या नूडल्सही मिळतात. त्यांत तेल खरोखर कमी असतं, फक्त त्या शिजायला जरा वेळ घेतात.

अजिनोमोटोची, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटची, भीती मात्र गरजेपेक्षा जास्त बाळगली जाते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं, आईच्या दुधातही असतं. नेहमीच्या प्रमाणात ते बहुतेकांना बाधत नाही. पाकिटावर ‘चववर्धक ६३५’ दिसलं तर तोही त्याच चवीला उठाव देणारा पदार्थ. या चववर्धकांची खरी अडचण वेगळी आहे: चव इतकी भरगच्च होते की आत भाजी नाही, डाळ नाही, हे जिभेला कळतच नाही.

२०१५ चा वाद अजूनही मुलांच्या बोलण्यात येतो म्हणून थोडक्यात. उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात शिसं मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचा अहवाल आला, आणि ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीच्या विक्रीवर बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली: कंपनीला बाजू मांडण्याची नीट संधी दिली नव्हती आणि चाचण्या ज्या प्रयोगशाळांत झाल्या त्या अधिस्वीकृत नव्हत्या, हे त्यामागचं मुख्य कारण. न्यायालयाने सांगितलेल्या तीन प्रयोगशाळांत नमुने पुन्हा तपासले गेले, शिसं मर्यादेत निघालं, आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. त्या काही महिन्यांत सगळ्यांचं लक्ष शिशावर होतं. मिठाच्या आकड्यावर तेव्हा कुणी बोललं नाही, आजही फारसं कुणी बोलत नाही.

मग काय करायचं? ‘नूडल्स खाऊ नका’ हा सल्ला चूल असलेल्यांनी चूल नसलेल्यांना देऊ नये. आठवड्यातून एखाद्या रात्री खाल्ल्या तर तब्येतीने धसका घेण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे तो त्या रोजचं जेवण होण्याचा, आणि ज्या रात्री त्या खाव्या लागतात त्या रात्री ताट थोडं तरी भरण्याचा.

यासाठी सगळ्यात चांगली वस्तू बहुतेकांच्या कपाटात आधीच असते: घरून आलेली शेंगदाण्याची चटणी. बीड, लातूर, सोलापूर, परभणीकडच्या मुलांच्या बॅगेत ती असतेच, एसटीने येणाऱ्या डब्यातही असते. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. दोन मोठे चमचे चटणी नूडल्समध्ये कालवली की पाच-सहा ग्रॅम प्रथिनं वाढतात, चव झणझणीत होते आणि मसाल्याची अर्धी पुडी आपोआप वाचते, कारण चटणीत मीठ-तिखट असतंच. जवसाची किंवा कारळ्याची चटणीही चालते. अंडं साधारण सात रुपयांना, त्यात सहा ग्रॅम प्रथिनं; केटलमध्ये उकडता येतं. सोयाबीनच्या वड्या तर फारच दुर्लक्षित आहेत: १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, किंमत त्याच वजनाच्या नूडल्सपेक्षा कमी, फ्रिज लागत नाही, उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत फुगतात. बारीक दाण्याच्या घेतल्या तर नूडल्सबरोबरच शिजतात. मूठभर फुटाणे, एक गाजर, मंडईतून आणलेली कोथिंबिरीची जुडी, यांतलं काहीही फ्रिजशिवाय एक-दोन दिवस राहतं. थोडक्यात, दुसरं पाकीट फोडण्याऐवजी ते १४ रुपये दोन अंड्यांवर किंवा सोयावड्यांवर खर्च केले तर पोटही भरतं, प्रथिनं दीडपटीच्या वर जातात आणि मीठ वाढत नाही.

आणि चौघं जण एका खोलीत वर्षभर राहणार असाल तर एकदा चुलीचाच हिशेब करून बघा. साधं इंडक्शन (विजेची शेगडी) आणि त्यावर चालणारा लहान कुकर मिळून तीन-साडेतीन हजारांना येतो, माणशी नऊशेच्या आत. माणशी ७५ ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम तूरडाळ, कांदा-टोमॅटो, फोडणी, वीज धरून खिचडी वीस रुपयांच्या आसपास जाते. त्यात साडेचारशे कॅलरी आणि १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मीठ किती घालायचं हे तुमच्या हातात राहतं. रुपयाला मिळणाऱ्या कॅलरी जवळपास नूडल्सएवढ्याच आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जास्त मिळतात ती प्रथिनं, तंतू आणि डाळीतलं लोह. खिचडीला लागतो अर्धा तास, आणि भांडी कुणी घासायची यावरून होणारा वाद. वार ठरवून घेतले तर तोही मिटतो.

मालकांनाही एक विनंती आहे. गॅस नको हे समजू शकतं, सिलेंडरची भीती खोटी नाही. पण जिथे दहा-बारा मुलं राहतात तिथे व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक ओटा, एक नळ आणि इंडक्शनसाठी वेगळी वायर टाकलेला एक सॉकेट देणं फार खर्चाचं नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांमध्ये ही वायर महत्त्वाची आहे. इंडक्शन पूर्ण आचेवर २००० वॉटपर्यंत वीज ओढतं आणि घरातला साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १४०० वॉटचा असतो. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर लावून मुलं काम भागवतात, आणि आत वायर तापत राहते. सॉकेट १६ अँपिअरचा असेल तरच इंडक्शन पूर्ण आचेवर चालवा. तो बसवून मिळेपर्यंत १००० वॉटच्या वर जाऊ नका, आणि त्याच बोर्डावर केटल लावू नका.